घरचं फ्लाइट सिम्युलेटर: दिसायला खरं की उडायला खरं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेली वीस-बावीस वर्षं मी घरच्या कॉम्प्युटरवर विमानं उडवतोय आणि आपटतोय. नवीन माणूस भेटला की गाडी फिरून फिरून त्याच प्रश्नांवर येते, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. मी वैमानिक नाही. खऱ्या सेसनाच्या (छोट्या शिकाऊ विमानाच्या) डाव्या, म्हणजे वैमानिकाच्या सीटवर एकदाच बसलोय, त्याची फजिती खाली येईलच.

सरळ सांगा, ग्राफिक्स महत्त्वाचं की वास्तवपणा?

तुम्ही कुठे उडताय ते आधी सांगा.

समजा जुलै महिना आहे, मुंबईला रनवे २७ वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उतरायचंय आणि ढगांचा तळ जमिनीपासून हजार फुटांवर आहे. विमान ढगात शिरल्यापासून त्या हजार फुटांपर्यंत काचेबाहेर नुसतं पांढरं. तुमचं ग्राफिक्स कार्ड दहा हजारांचं असो की दीड लाखाचं, पांढरं ते पांढरंच. तिथे कामाला येतात आयएलएसच्या (रेडिओवरून रनवेची वाट दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) दोन सुया, वेग, उंची आणि डावीकडून रेटणारा नैर्ऋत्येचा वारा. हा वारा विमानाला खऱ्यासारखा ढकलतो का, एवढाच तिथला वास्तवपणा.

आता तेच विमान हिवाळ्यातल्या सकाळी खडकवासल्यावरून जमिनीपासून हजार फुटांवर न्या. उजवीकडे सिंहगड, खाली धरणाची भिंत, पुढे मुठा नदी. नकाशा मांडीवर आणि खुणा बाहेर. इथे बाहेरचं दृश्य हेच तुमचं उपकरण आहे. धरण चुकीच्या जागी असलं किंवा सिंहगडाच्या जागी नुसती टेकाडं असली, तर फ्लाइट मॉडेल कितीही अचूक असो, तुम्ही वाट चुकणार.

बाहेरचं बघून उडणं किती निसरडं असतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअर लाइन्सचं डीसी-८ हे प्रवासी विमान सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाऐवजी जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरलं आणि रनवे संपल्यावर बाहेर गेलं. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्याआधी १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीच्या कॉमेट विमानानेही तोच घोळ घातला होता. जुहूचा आणि सांताक्रूझचा मुख्य रनवे, दोन्ही साधारण पूर्व-पश्चिम आणि एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. समुद्रावरून येताना आधी जुहू लागतं. सिममध्ये संध्याकाळच्या धुरकट हवेत पश्चिमेकडून येऊन बघा, दोन मिनिटं तुम्हालाही शंका येईल. ती शंका येण्यासाठी सिममध्ये जुहू नीट काढलेलं असावं लागतं. म्हणजे इथे ग्राफिक्स हाच वास्तवपणा झाला.

फ्लाइट मॉडेल, फ्लाइट मॉडेल म्हणतात ते नेमकं काय?

तुम्ही जॉयस्टिक ओढली की विमानाने काय करायचं हे ठरवणारं गणित. ढोबळमानाने ते दोन तऱ्हांनी करतात.

एक तऱ्हा पाढे पाठ केलेल्या पोरासारखी. या वेगाला, या कोनाला इतकी उचल, इतका अडथळा, अशी कोष्टकं आधीच भरून ठेवायची आणि सिमने फक्त बघून उत्तर द्यायचं. मायक्रोसॉफ्टची जुनी सिम मुख्यतः अशीच चालत. दुसरी तऱ्हा दर वेळी गणित मांडणाऱ्या पोराची. ऑस्टिन मायर यांच्या एक्स-प्लेनने १९९० च्या दशकापासून हीच धरली. विमानाचा आकार दिला की पंखाचे, शेपटीचे, पंख्याच्या पात्यांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर हवेचा जोर किती ते सेकंदाला कितीतरी वेळा काढायचं आणि बेरीज करायची. याला ब्लेड एलिमेंट पद्धत म्हणतात.

यावर हमखास भांडणं होतात आणि दुसरी तऱ्हाच खरी, पहिली खेळण्यातली, असा निकाल लागतो. मला तो पटत नाही. पाढे बरोबर पाठ असतील तर पाठांतरवाला चुकत नाही. विमान कंपन्यांची कोट्यवधींची सिम्युलेटरं खऱ्या विमानाच्या चाचणी उड्डाणांतून मोजलेल्या आकड्यांवरच बसवलेली असतात. गाडं अडतं ते पुस्तकात नसलेला प्रश्न आला की. विमान एका पंखावर स्टॉल होऊन (पंखाची उचल सुटून) गिरकी घेत खाली चाललंय, तिथले आकडेच कोणी भरलेले नाहीत, मग सिम काहीतरी ठोकून देतं. जुन्या सिममधली कितीतरी विमानं स्पिनमध्ये, म्हणजे अशा गिरकीत, धड जायची नाहीत ती यामुळे. गणितवाल्याचीही गोची असते. तुकडे वेगवेगळे धरले की एका तुकड्याचा शेजारच्यावर होणारा परिणाम अंदाजानेच धरावा लागतो, आणि विमान बनवणाऱ्याने आकार आळसात काढला असेल तर गणित बरोबर आणि उत्तर चूक.

फुकटातलं फ्लाइटगिअर यात मजेशीर आहे. त्यात दोन्ही बिऱ्हाडं नांदतात. जेएसबीसिम आकडे मागतं, यासिम आकार मागतं, आणि विमान बनवणारा हवं ते घेतो.

जुन्या सिममध्ये चार रेघा दिसायच्या. तरी जुनी मंडळी त्यांना खरी का म्हणतात?

थोडी आठवणींची साय आहे, थोडं खरंही आहे.

ब्रूस आर्टविक यांचं पहिलं सिम १९८० च्या सुमारास अ‍ॅपल २ वर आलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा. १९८२ मध्ये आयबीएमच्या पीसीसाठी मायक्रोसॉफ्टच्या नावाने आलं, तेव्हा शिकागोच्या तळ्याकाठचा मेग्ज फील्ड हा रनवे जगभरच्या पोरांचं पहिलं विमानतळ झाला. पुढे मार्च २००३ मध्ये शिकागोच्या महापौरांनी रातोरात बुलडोझर घालून तो रनवे उखडला, तेव्हा तिथे कधीच न गेलेली माणसं हळहळली. मीही हळहळलो. रेघांच्या चित्राने एवढी माया लावली, कारण पडद्यावर बघण्यासारखं काही नव्हतं आणि लक्ष सगळं घड्याळांवर होतं. वेग, उंची, दिशा, इंधन.

त्याच्याही मागे जा. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये बनवलेल्या लिंक ट्रेनरमध्ये बाहेरचं चित्रच नव्हतं. वडिलांचा ऑर्गनचा कारखाना, त्यामुळे हालचालीसाठी त्यांनी भाते वापरले. आपल्या पेटीला असतो तसाच भाता, फक्त मोठा. वरून झाकण लावायचं, आत अंधार, समोर घड्याळं. १९३४ मध्ये टपाल वाहताना खराब हवेत अमेरिकी लष्कराचे वैमानिक मेले, तेव्हा लष्कराने हे डबे विकत घेतले. काचेबाहेर शून्य ग्राफिक्स असलेल्या या डब्यांवर पुढे महायुद्धात हजारो वैमानिक ढगात उडायला शिकले.

मग मायक्रोसॉफ्टचं नवं सिम म्हणजे नुसती चित्रं?

असं म्हणणारे बहुतेक लोक २०२० च्या ऑगस्टमध्ये ते आलं तेव्हा एकदा उघडून बसलेत आणि मत तिथेच ठेवून आलेत. फ्रान्समधल्या असोबो स्टुडिओने बनवलेल्या या सिमचं फ्लाइट मॉडेल जुन्या कोष्टकांवर थांबलेलं नाही. तिथेही आता विमानाच्या पृष्ठभागाचे तुकडे पाडून हिशोब होतो. पहिल्या वर्षीची काही विमानं जमिनीवर बर्फावर ठेवल्यासारखी घसरत, हे मात्र खरं.

चित्रांची जादू कशात आहे तेही समजून घ्या. बिंगची हवाई छायाचित्रं, त्यावरून संगणकाने ओळखून उभी केलेली घरं आणि झाडं, वर मेटिओब्लू या स्वित्झर्लंडमधल्या कंपनीचं हवामान. मूळ साठा दोन पेटाबाइटच्या वर, म्हणून तो तुमच्या घरी येत नाही, उडता उडता इंटरनेटवरून लागेल तेवढा उतरतो. माणसाने हाताने न काढलेल्या जगात गमतीही होतात. मेलबर्नच्या साध्या वस्तीत २१२ मजल्यांचा सुळका उगवला होता. खुल्या नकाशात कोणीतरी दोन मजल्यांऐवजी २१२ टाइप केलं होतं आणि सिमने ते मुकाट्याने बांधलं. लंडनच्या राजवाड्याची तर ऑफिसची इमारत झाली होती.

आपल्याकडची माझी लाडकी तक्रार वेगळी आहे. हवामान चालू वेळेचं लावा, जुलैत लोणावळ्यावर जा. ढग बरोबर, पाऊस बरोबर, वारा बरोबर, आणि खाली सह्याद्री एप्रिलमधल्यासारखा तपकिरी! कारण साधं आहे. वरून फोटो काढायला आकाश मोकळं लागतं, आणि पावसाळ्यात घाटावर ते कुठून मिळणार? भिजलेल्या हवेत वाळलेला डोंगर बघून माझा हात दर वर्षी एकदा कपाळावर जातो. तरी डोंगराचा आकार खरा आहे. कोकणातून घाटाच्या भिंतीकडे तोंड करून उडालात तर ती कडा कधी ओलांडायची याचा घाम खरा फुटतो. एक्स-प्लेन ११ मध्ये हाच डोंगर उंचीला बरोबर होता, पण पायथ्याच्या गावात घरं मात्र अमेरिकेतल्या उपनगरातली. कर्जतला स्विमिंग पूलवाल्या गल्ल्या बघून घ्यायच्या.

माझं लँडिंग दर वेळी आपटतं. ग्राफिक्स कमी पडतंय का?

बहुधा पडदा कमी पडतोय.

रनवेवर टेकण्याआधी शेवटच्या दहा-पंधरा फुटांत विमानाचं नाक हळूच उचलायचं असतं, त्याला फ्लेअर म्हणतात. जमीन किती खाली आहे हे तेव्हा उंचीमापकात वाचत नाहीत. ते डोळ्याच्या कडांतून कळतं. रनवे दोन्ही बाजूंना पसरत जातो, कडेचं गवत भर्रकन मागे पळायला लागतं, आणि मेंदू म्हणतो, आता. माणसाची नजर डावी-उजवीकडे १८० अंशांच्या आसपास पसरते. दोन फुटांवर ठेवलेला २७ इंची मॉनिटर त्यातले जेमतेम ५० अंश भरतो. ज्या कडांतून उंची कळायची तिथे तुमच्या घरची भिंत आणि कॅलेंडर आहे.

म्हणून ग्राफिक्समधला पैसा आणि मेहनत रनवेजवळच्या जमिनीच्या पोतावर घाला. गवत, डांबरावरचे टायरचे काळे पट्टे, हे असलं की वेग आणि उंची जाणवते. एकसारख्या सपाट हिरव्या रंगावर जाणवत नाही. लांबच्या इमारतींच्या काचांत सूर्य चमकतो की नाही याने लँडिंगमध्ये तसूभर फरक पडत नाही. व्हीआर चष्मा लावणाऱ्यांचं फ्लेअर पटकन सुधारतं, कारण त्यांना खोली कळते. पण घड्याळांवरचे आकडे वाचताना डोळे ताणावे लागतात, त्याचीही तयारी ठेवा.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी एका फ्लाइंग क्लबात हौसेखातर अर्ध्या तासाचं उड्डाण घेतलं. सिमवर शेकडो तास झालेले, छाती फुगलेली. सरळ रेषेत उडताना उंची शंभर फुटांचीसुद्धा इकडची तिकडे होऊ दिली नाही. शेजारच्या इन्स्ट्रक्टर सरांनी दोन मिनिटं बघितलं, हातातला कागद उचलला आणि माझ्यासमोरची घड्याळं झाकून टाकली. "आता बाहेर बघून उडवा." विमान लगेच झुलायला लागलं. क्षितिज कुठे धरायचं हेच माहीत नव्हतं. "सिमवाले ना?" सर म्हणाले. "सगळे असेच येतात." अरुंद पडद्यामुळे माझी नजर घड्याळांना चिकटली होती आणि मी तिला कौशल्य समजत होतो.

फ्रेम रेट किती हवा?

फ्रेम रेट म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती चित्रं येतात ते. स्थिर ३० चालतो. उड्या मारणारा ६० चालत नाही.

हिशोब करून बघा. सेसना १७२ साधारण ६० नॉट्सने उतरत असेल तर सेकंदाला सुमारे ३१ मीटर पुढे जाते. ३० फ्रेमला प्रत्येक चित्रामागे एक मीटर. नेमकं रनवेच्या तोंडाशी सिम अर्धा सेकंद अडखळलं, तर विमान १५ मीटर पुढे आणि पाऊण मीटर खाली गेलेलं असतं, तुम्हाला न विचारता. मोठ्या विमानतळावर, भरपूर रहदारीत हे हमखास होतं, कारण तिथे ग्राफिक्स कार्डाआधी प्रोसेसर दमतो. अशा वेळी टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) कमी करून उपयोग नाही. रहदारी आणि लांबवरच्या जमिनीचा तपशील कमी करा.

एक्स-प्लेनमध्ये आणखी एक भानगड आहे. फ्रेम २० च्या खाली गेल्या की ते सिममधला वेळच हळू करतं, म्हणजे गणित बिघडू नये. तुम्हाला वाटतं सगळं आलबेल आहे, आणि दोन तासांचं उड्डाण अडीच तास चालतं. ग्राफिक्स ताणल्याने वास्तवपणा कसा मरतो याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

खऱ्या वैमानिकांना सिममधलं ट्रिम विचित्र का वाटतं?

ट्रिम म्हणजे दांड्याचा हातावरचा भार काढून टाकणारी सोय. दोष सिमचा नाही, जॉयस्टिकमधल्या स्प्रिंगचा आहे.

खऱ्या छोट्या विमानात नाक वर धरायला योक (हातातला दांडा) ओढून ठेवावं लागतं आणि हाताला जोर कळतो. मग ट्रिमचं चाक फिरवत जायचं. हात जागचा हलत नाही, फक्त त्यावरचा भार विरघळत जातो. भार संपला, हात सोडला, विमान तिथेच.

घरच्या जॉयस्टिकची स्प्रिंग तिला कायम मधोमध ओढते. तिला विमानाचा वेग माहीत नाही, ट्रिम माहीत नाही. त्यामुळे एका हाताने ट्रिम लावत, त्याच मापाने दुसऱ्या हाताने जॉयस्टिक मध्यावर सोडत आणायची कसरत करावी लागते. वेग कमी झाल्यावर दांडा ढिला पडणं, स्टॉलआधी तो थरथरणं, हे काहीच हाताला कळत नाही. मोटर बसवलेले फोर्स फीडबॅकवाले दांडे हे करतात, पण ते महाग आहेत. परवडत नसेल तर निदान ट्रिम बटणाऐवजी एखाद्या फिरत्या चाकावर लावा. बटण दाबून ट्रिम नेहमी हवं त्यापेक्षा जास्तच होतं.

रडर पेडल घ्यावेत का?

हो. पायाने विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायचे हे पेडल, नव्या ग्राफिक्स कार्डाआधी घ्या.

सेसनात पूर्ण पॉवर दिली की नाक डावीकडे पळतं आणि उजवा पाय दाबून ते धरायचं असतं. पेडल नसतील तर सिम बरेचदा हे काम गुपचूप स्वतः करतं, आणि फ्लाइट मॉडेलचा निम्मा जीव तिथेच जातो. आडव्या वाऱ्यातलं लँडिंग पेडलशिवाय शिकता येत नाही, जॉयस्टिक पिळून नाही आणि कीबोर्डने तर नाहीच.

'स्टडी लेव्हल' विमान म्हणजे काय? विकत घ्यावं का?

ज्यातलं जवळजवळ प्रत्येक बटण खऱ्यासारखं काम करतं ते. सिमसाठी वेगळी विमानं बनवून विकणाऱ्या पीएमडीजीचं बोइंग ७३७ किंवा फेनिक्सचं एअरबस ए३२० घ्या. बॅटरी चालू करण्यापासून इंजिन सुरू होईपर्यंत पहिल्या दिवशी तास सहज जातो. एखादा पंप विसरलात तर विमान ढिम्म बसून राहतं आणि का ते सांगत नाही.

ए३२० ची हौस असेल तर आधी फ्लायबायवायरचं फुकटचं विमान घ्या. हौशी मंडळींनी मिळून बनवलंय आणि अनेक विकाऊ विमानांना लाजवेल असं आहे. एक मात्र सांगतो. प्रणालींची खोली वेगळी आणि उडण्याचा खरेपणा वेगळा. ३०० बटणं चालणारं विमान स्टॉलमध्ये खोटं वागू शकतं, आणि चार घड्याळांचं जुनं दुपंखी विमान सिममधलं सगळ्यात प्रामाणिक असू शकतं.

कंपन्यांच्या सिम्युलेटरमध्ये तर ग्राफिक्स जबरदस्त असेल ना?

बघून निराश व्हाल. सहा पायांवर हलणाऱ्या लेव्हल डी (सगळ्यात वरच्या दर्जाच्या) सिम्युलेटरच्या पडद्यावरचं शहर आजच्या घरच्या सिमपुढे फिकं दिसतं. झाडं कमी, घरं ठोकळ्यासारखी. पण रनवेचे दिवे, त्यांचे रंग, धुक्यातून ते कधी दिसू लागतात, हे काटेकोर असतं, आणि चित्र कडेपर्यंत पसरलेलं असतं. अशा यंत्रावर शिकलेला अनुभवी वैमानिक त्या जातीचं खरं विमान पहिल्यांदा उडवतो तेव्हा मागे प्रवासी बसलेले असू शकतात. तिथे कुठल्या चित्रावर पैसे खर्च केले आणि कुठल्यावर नाही, ते एकदा नीट बघा. घरची सेटिंग्ज लावताना मी तीच यादी डोळ्यांसमोर ठेवतो.

सिमवरचे तास लायसन्सला धरतात का?

घरचे नाही. भारतात कमर्शियल लायसन्सला लागणाऱ्या २०० तासांत तुमच्या बेडरूममधला एकही मिनिट मोजत नाहीत. मोजतात ते मान्यताप्राप्त यंत्रावर, इन्स्ट्रक्टरसमोर केलेले. अमेरिकेत एक्स-प्लेनवर चालणारी मान्यताप्राप्त यंत्रंही आहेत, पण तिथे मान्यता ठरावीक कंट्रोल आणि सॉफ्टवेअर मिळून बनलेल्या संचाला असते, तुमच्या डाउनलोडला नव्हे.

चेकलिस्ट, रेडिओवरची भाषा, आयएलएसच्या सुया, होल्डिंगचे (आकाशात वाट बघत घालायचे) फेरे घरी भरपूर घोटा. लँडिंगची सवय घरी लावून घेऊ नका, ती मोडायला पैसे पडतात.

साधा लॅपटॉप आहे, नेट रेंगाळतं. काय करू?

मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या आवृत्तीला किमान १६ जीबी रॅम आणि १० एमबीपीएस नेट लागतं, आणि किमान म्हणजे खरंच किमान. तेवढं नसेल तर जीव जाळू नका. फ्लाइटगिअर उतरवून घ्या किंवा एक्स-प्लेन ११ सारखं जुनं सिम लावा, ढग खाली आणा आणि आयएलएस घोटा. ढगात आपण सगळे सारखेच गरीब.

रिअ‍ॅलिझम सेटिंग शंभर टक्के ठेवायचं का?

विमान वागण्याच्या बाबतीत हो, पहिल्या दिवसापासून. सोपं करून घेतलं की चुकीच्या सवयी लागतात. बिघाड, इंधन, बर्फ वगैरे हळूहळू चालू करा.

आणि फुकटात खरेपणा हवा असेल तर व्हॅटसिमवर या. सिमवाल्यांना इंटरनेटवर एकत्र आणणारं, २००१ पासून चाललेलं हे जाळं. दुसऱ्या टोकाला कंट्रोलर म्हणून खरा माणूस बसलेला असतो, तोही हौशीच. मुंबईच्या फ्रिक्वेन्सीवर पहिल्यांदा बोलताना माझा घसा कोरडा पडला होता. समोरच्याने उंची दिली, ती मी चुकीची परत वाचली, त्याने शांतपणे पुन्हा दिली. त्या रात्री पडद्यावर काय दिसत होतं ते मला आठवत नाही. उंची आठवते, सात हजार फूट.

घरचे विचारतात, तासभर पांढऱ्या पडद्याकडे काय बघत बसतोस?

आमच्याकडेही विचारतात. हजार फुटांवर ढग फाटून समोर रनवेचे दिवे दिसले की मी हाक मारतो, "आई, ये बघ." ती येईपर्यंत विमान उतरलेलं असतं.